"नस जागी झाली" म्हणणाऱ्याला आधी घराबाहेर काढा

ह्यांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होण्याचा आजार. नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या घरी येऊन एका 'न्यूरो थेरपिस्ट'ने १,१८,००० रुपये नेले. आधी पॅकेजचे ४८,०००, मग 'स्टेम सेलच्या' (मूळपेशींच्या) इंजेक्शनांचे ७०,०००. ओळखीतून मिळालेला नंबर, बऱ्या झालेल्या पेशंटचे व्हिडिओ, "आजच भरा, रेट वाढणार आहे"... पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पहिल्याच दिवशी त्याने ह्यांच्या पोटरीला करंटचे पॅड लावले. काढल्यावर बोट दाखवून म्हणाला, "ताई, बघा कसं मांस उडतंय. नस जागी झाली." अहो, ती फडफड तर आजाराचीच खूण! न्यूरॉलॉजिस्टनी पहिल्या तपासणीतच ती लिहून ठेवली होती आणि ती फाईल तिथेच टेबलावर पडली होती. तिथेच त्याला हाकलायला हवं होतं. पण ज्या घरात माणसाचं आधी शर्टाचं बटण सुटतं, मग घास अडकतो, मग बोलणं कळेनासं होतं, त्या घरात "जागी झाली" हे शब्द ऐकून कोण शांत बसेल? मला शहाणपण शिकवायला येऊ नका. डॉक्टरांनी रिलुझोलची गोळी सुरू करतानाच सांगितलं होतं, याने आजार थोडा सावकाश होतो, बरा होत नाही. हे ऐकून जगायचं कसं, ते कुणीच सांगत नाही.

पैशापेक्षा जास्त संताप बायपॅपचा, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा आहे. "मशीनची सवय लागते" म्हणून त्याने ते रात्री लावू दिलं नाही. सकाळी डोकं ठणकायचं, दिवसभर ग्लानी. श्वासाचे स्नायू कमजोर झाले की अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याचंच हे लक्षण. बायपॅप किंवा गोळी बंद करा म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्यही ऐकू नका.

पोलीस म्हणाले, तुम्हीच राजीखुशीने पैसे दिलेत. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी आला होता ना, मग आमच्याकडे कशाला? आरोग्याच्या ऑफिसात म्हणे तो डॉक्टरच नाही, कारवाई कशी करणार? डॉक्टर नसताना इंजेक्शन टोचली, हीच तर तक्रार आहे! वर पावती मागतात. पावती देणारा फसवेल कशाला?

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे या आजारात मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर स्टेम सेल देता येत नाहीत, कुणी कितीही सर्टिफिकेटं दाखवोत. फिजिओ लागतोच, पण सांधे आखडू नयेत म्हणून, हळुवार, दमवणारा नको. घास अडकायला लागला की गिळण्याच्या थेरपिस्टला दाखवा. पोटात जेवणाची नळी बसवायचं डॉक्टर म्हणत असतील तर लांबवू नका, श्वास फार कमी झाल्यावर ते जोखमीचं होतं.

त्याचे व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहेत. नाशिकमध्ये आणखी कुणाकडे हाच "नस जागी" वाला येऊन गेला असेल तर कळवा, एकटीच्या अर्जाला इथे कुणी विचारत नाही.