हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

नोव्हेंबर लागला की निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्याची काळजी लागते. नेमका याच काळजीचा फायदा घेऊन गेल्या वर्षी माझ्या वडिलांच्या खात्यातून 1,85,000 रुपये काढून घेण्यात आले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले असून आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. आमच्या ओळखीच्या इतर ज्येष्ठांनाही असेच फोन येत असल्यामुळे वडिलांच्या संमतीने हे सविस्तर लिहीत आहे.

फोन करणाऱ्याने आपण कोषागार कार्यालयातून बोलत असल्याचे सांगितले. वडिलांचा पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, निवृत्तीची तारीख आणि पेन्शन जमा होणाऱ्या शाखेचे नाव त्याने न अडखळता वाचून दाखवले आणि "काका, या वर्षी दाखला मोबाईलवरूनच भरायचा आहे, आज राहिला तर पुढच्या महिन्याची पेन्शन अडकेल," असे बजावले. वडिलांचा विश्वास बसला तो या अचूक माहितीमुळे. अशी माहिती कुठून ना कुठून बाहेर पडलेली असते. ती समोरच्याला ठाऊक आहे म्हणून तो त्या कार्यालयाचा माणूस ठरत नाही, हे प्रत्येक घरात ज्येष्ठांना समजावून सांगितले पाहिजे. ओळख पटवायची असेल तर तो फोन ठेवावा आणि पासबुकावरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा किंवा सरळ शाखेत जावे. दाखला बँकेत जाऊन किंवा 'जीवन प्रमाण' या सरकारच्या डिजिटल दाखल्याच्या सेवेतून अधिकृत मार्गाने देता येतो, त्यासाठी कोणाच्याही फोनची गरज नसते.

त्यानंतर व्हॉट्सअॅपवर एक फाईल आली. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे होती, म्हणजेच ते कागदपत्र नसून प्ले स्टोअरच्या बाहेरून बसवले जाणारे अॅप होते. उघडताच त्याने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली आणि मग राजमुद्रा असलेल्या अर्जात खाते क्रमांक, डेबिट कार्डाचा तपशील व पिन भरून घेतला. पुढचे सर्व ओटीपी परस्पर त्या टोळीकडे जात राहिले. अॅपचे चिन्हही पडद्यावरून नाहीसे झाले होते, त्यामुळे वडिलांना काहीच दिसले नाही.

खात्यातील शिल्लक पाहिल्यावर आम्ही लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेला 1930 हा क्रमांक लावला. तेथे खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात, म्हणून हा तपशील कागदावर लिहून मगच बोलणे सोयीचे पडते. ही तक्रार पैसे ज्या बँकेत गेले तिच्यापर्यंत पोहोचते आणि तोवर पुढे न गेलेली रक्कम तेथेच गोठवली जाते. आमचे 62,000 रुपये अशा रीतीने अडकून राहिले. बाकीच्यांपैकी 98,000 रुपये तोपर्यंत पुढच्या खात्यांतून एटीएममधून निघाले होते. सायबर पोलिसांत गुन्हा नोंदवल्यानंतर गोठवलेली रक्कम परत मिळावी म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 अन्वये सिव्हिल लाईन्समधील न्यायालयात अर्ज केला, आणि आदेश झाल्यावर ती वडिलांच्या खात्यात जमा झाली.

बँकेशी मात्र आजही वाद सुरू आहे. पिन ग्राहकानेच दिला, असे म्हणून तिने सरसकट हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान त्याने बँकेला कळवेपर्यंतच त्याच्यावर राहते. कळवल्यानंतर गेलेल्या रकमेची जबाबदारी बँकेची असते. आमचे 25,000 रुपये बँकेला कळवल्यानंतर गेले आहेत. त्यामुळे बँकेला फोन केल्याची वेळ दाखवणारी नोंद आणि लेखी तक्रारीची पोच जपून ठेवणे किती आवश्यक आहे, हे आम्हाला आता चांगलेच कळले आहे.

याच दरम्यान सायबर शाखेचा अधिकारी म्हणवणाऱ्या एकाचा फोन आला. उरलेले पैसे सापडले आहेत, फक्त 'फाईल चार्ज' आधी भरा, असे सांगून त्याने शिक्क्याचे पत्र आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवला. वडिलांनी शांतपणे विचारले, "साहेब, माझा तक्रार क्रमांक सांगा." त्यावर फोन बंद झाला. एकदा फसलेल्या माणसाला पैसे परत मिळण्याची आस असते आणि तिच्यावरच हा दुसरा घाला घातला जातो. पोलीस किंवा 1930 पैसे परत मिळवून देण्यासाठी कोणतेही शुल्क घेत नाहीत. या दुसऱ्या फोनचा क्रमांकही आम्ही तपास अधिकाऱ्यांना दिला आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' या संशयित फोन कळवण्याच्या सुविधेवर नोंदवला.

बँकेने आमची लेखी तक्रार फेटाळल्यामुळे 25,000 रुपयांसाठी आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. बँकेने तक्रार नाकारली किंवा 30 दिवसांत उत्तरच दिले नाही, तर तेथे कोणालाही विनाशुल्क दाद मागता येते. एटीएममधून निघालेल्या 98,000 रुपयांचा तपास पोलिसांकडे सुरू आहे.