एकच मूर्ती तीन साइजमध्ये: टेराकोटा, ब्राँझ की फायबर?

अंगाभोवती चादर लपेटून उभी असलेली बाई, मान थोडी वळलेली. ही एकच मूर्ती मी तीनदा केलीये. आधी २८ सेंमी टेराकोटात, मग ७० सेंमी ब्राँझमध्ये आणि शेवटी १६८ सेंमी फायबरमध्ये, आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला हेच वाटलं की डिझाइन तर झालंय, आता फक्त मोठं करायचंय. तसं काही होत नाही. तुम्ही एखादं छोटं मॉडेल घेऊन कुठल्या साइजला, कुठल्या मटेरियलला जावं या विचारात असाल तर हे वाचा.

आधी साधं गणित. उंची ६ पट झाली की पृष्ठभाग ३६ पट होतो आणि घनफळ २१६ पट. लहानीला जेमतेम २ किलो माती लागली होती, म्हणजे भरीव केली तर मोठीला त्याच हिशोबाने ४३२ किलो! म्हणून मोठ्या कामात आत लोखंडी सांगाडा, त्यावर थर्मोकोलचा भराव आणि माती फक्त वरच्या थराला.

टेराकोटा मला सगळ्यात आवडतं, कारण बोटाचा दाब जसा पडला तसाच भाजून निघतो, मध्ये ना साचा ना दुसऱ्या कोणाचा हात. पण त्याच्या अटी कडक आहेत. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण १० टक्के आकसते (माझी ओली ३१ सेंमी होती), आतली तार आकसत नाही, त्यामुळे तार ठेवली की तडा ठरलेला. शिवाय मूर्ती कापून आतून पोकळ करावी लागते, भिंत सगळीकडे सारखी ठेवायची, नाहीतर जाड भागात ओल राहते आणि भट्टीत तुकडा उडतो. माझा एक खांदा असाच गेलाय. म्हणून पोज आटोपशीर हवी. चादरीची आयडिया खरं तर तिथूनच आली, पाय लपवायला :)

ब्राँझमध्ये पोजवरची ही बंधनं सुटतात. धातू ताण सहन करतो, एका पायावरही मूर्ती उभी राहते. रोमन लोकांनी ग्रीक ब्राँझच्या संगमरवरी नकला केल्या तेव्हा पायाशी झाडाचं खोड का कोरावं लागलं ते इथे कळतं, दगडाचे घोटे तेवढं वजन पेलत नाहीत. मी पण ब्राँझला जाताना एक हात चादरीबाहेर काढला आणि पोजच बदलली. तोटे? खर्च तिघांत सगळ्यात जास्त, आणि गडद पॅटिनात (धातूवर रसायनांनी चढवलेल्या रंगाच्या थरात) हलके उठाव गिळले जातात, मातीत सुंदर दिसणारा गाल ब्राँझमध्ये सपाट वाटला म्हणून ओतण्याआधीच्या मेणाच्या प्रतीवर परत कडा धारदार कराव्या लागल्या. एका साच्यातून अनेक प्रती निघतात हा मोठा फायदा. फ्रान्समध्ये १२ प्रतींपर्यंत ओरिजनल धरतात.

मटेरियल बदललं की कामच किती बदलतं बघायचं तर फ्रेंच चित्रकार देगाची ‘छोटी नर्तकी’ ही मूर्ती बघा. १८८१ ला दाखवली ती मेणाची होती, खरा कापडी झगा, खरे केस. ब्राँझच्या प्रती तो १९१७ ला गेल्यानंतरच्या. मला विचाराल तर मेणाची जास्त अस्वस्थ करते.

फायबरवर फार लिहिण्यासारखं नाही. हलकं, दोघं मिळून उचलतात, मोठ्या साइजला खिशाला झेपतं. उन्हात वरचा थर खराब होत जातो, रेझिनच्या (फायबर ज्यात भिजवून घट्ट करतात त्या रसायनाच्या) वासाला चांगला मास्क हवाच, आणि रंग नीट नाही जमला की दुकानातल्या पुतळ्यासारखं दिसतं.

खरी अडचण साइजची. २८ सेंमीत डोळा म्हणजे कोरणीचा एक दाब, बघणारा बाकीचं मनात भरून घेतो. तोच दाब ६ पट केला की नुसता खड्डा दिसतो. उलट पाठ, जी लहानीत कोणी बघत नाही, ती मोठीत अख्खी भिंत होते. हल्ली स्कॅन करून मशीनने फोम कापून मिळतो, वेळ वाचतो हे खरंच, आणि यात नवीन काही नाही, फ्रेंच शिल्पकार रोदँचा ‘विचारवंत’ हा पुतळा आधी साधारण ७० सेंमीचा, एका दाराच्या वरच्या भागासाठी केलेला, आणि १९०४ ला प्रदर्शनात आला तो मोठा अवतार त्याच्या सहाय्यकाने यंत्राच्या मदतीने वाढवलेला होता. पण मशीन फक्त मापं वाढवतं. वरची माती तुम्हालाच लावायचीये.

माझं मत असं. कोणी हातात घेऊन, जवळून बघणार असेल तर टेराकोटा, आणि तिथेच थांबा. खोलीत चारी बाजूंनी फिरून बघायचं असेल तर ७० सेंमी, आणि ब्राँझचे पैसे नसतील तर तूर्त प्लास्टरमध्ये ओतून ठेवा, ब्राँझ त्यावरून नंतरही होतं. लांबून, उघड्यावर बघायचं असेल तरच माणसाएवढं. आणि लहानीवरून थेट मोठीवर उडी नको, मी मारली असती तर तो बाहेर काढलेला हात मला सुचलाच नसता.

माणसाएवढं करायचं ठरलंच तर सांगाडा वेल्ड करायच्या आधी पुठ्ठ्यावर पूर्ण मापाची बाह्यरेषा कापून भिंतीला टेकवा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. मी हे माती चढवल्यावर केलं, तेव्हा दिसलं की मान आखूड आहे, आणि मग सांगाडा कापून परत वेल्ड केला.