ट्रान्समिशन कूलर: नऊ महिने आणि कापसाच्या एका हंगामानंतर

माझ्या जुन्या डिझेल ऑटोमॅटिक गाडीला बाहेरचा ट्रान्समिशन कूलर, म्हणजे गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर, बसवून आता नऊ महिने झाले. ती वेळ आली मागच्या मे महिन्यात, परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना. गाडीत सहा माणसे, टपावर सामान आणि परतवाड्यात निघताना ४४ अंशांचे ऊन. अर्ध्या घाटात करपलेला वास आला, दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली. सर्व्हिस सेंटरने तेल न तपासताच पूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितले. याच लोकांनी तीन वर्षे मला "हे तेल आयुष्यभराचे आहे" असे सांगून एकदाही बदलू दिले नव्हते, आणि त्याचा राग मला अजून आहे. आमच्या दारव्ह्याच्या मिस्त्रीने मात्र आधी गिअरबॉक्सचे तेल मोजायची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. लालसर दिसायला हवे ते तेल कोऱ्या चहासारखे काळपट झाले होते. तो म्हणाला, "तेल करपलं हाय भाऊ, गिअरबॉक्स नाही." तेल दोनदा बदलून घेतल्यावर गिअर पूर्ववत पडू लागले.

घाटात कमी वेगाने चढताना टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचे) लॉक लागत नाही, तेल सतत घुसळले जाते आणि त्याची उष्णता तेलातच जाते. मूळ कूलर रेडिएटरच्या टाकीत असतो. तिथले पाणीच ९० अंशांच्या आसपास असल्यामुळे तेल त्याखाली उतरू शकत नाही. म्हणून रेडिएटरमधून गिअरबॉक्सकडे परतणाऱ्या नळीवर, एसी कन्डेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) पुढे, नवा कूलर जोडला. नळीच्या कूलरपेक्षा थरांच्या पट्ट्यांचा कूलर तेवढ्याच जागेत अधिक उष्णता काढतो, म्हणून मी साडेसहा हजार रुपये मोजून तोच घेतला. मृगाचा पाऊस यायच्या आत त्याच घाटात पुन्हा गेलो, तेव्हा पूर्वी १२० अंशांपर्यंत गेलेला तेलाच्या तापमानाचा आकडा ९८ वर थांबला. त्या दिवशी मी हा कूलर सर्वांना सुचवला असता.

नोव्हेंबरमध्ये माझे मत बदलले. बाहेर जेमतेम ३० अंश असताना सपाट रस्त्यावर आकडा ११० वर गेला आणि एसीही थंड करीना. पुढची जाळी काढून टॉर्च मारला, तर पट्ट्यांवर गादीसारखा करडा थर बसलेला, त्यात सरकीची टरफले आणि मेलेले किडे. बाजाराच्या आमच्या रस्त्यावर दोन जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढणारे कारखाने, आहेत. हंगामात तिथे कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि हवेत तंतू तरंगत असतात. ज्या दाट पट्ट्यांसाठी मी जास्त पैसे दिले, त्याच दाट पट्ट्या हे तंतू पकडून ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे कूलर आणि कन्डेन्सर यांच्यामधली दोन बोटांची फट, जिथे ब्रशही पोहोचत नाही आणि जिथे सर्वाधिक कापूस साठतो. मी त्यानंतर चार वेळा कूलर सोडवला आहे, आणि दर वेळी त्या फटीतून मूठभर रुई निघाली आहे. कापूस पट्ट्यात राहणाऱ्याने विरळ पट्ट्यांचा, नळीचा कूलर थोडा मोठा घ्यावा, असे माझे आता स्पष्ट मत आहे.

साफसफाई करताना प्रेशरचा पाइप मारू नये, नाजूक पट्ट्या वाकतात. इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या धारेने, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने पाणी सोडावे. मी खिडकीची बारीक जाळी पुढे बांधून पाहिली, तर रुई अडली खरी, पण आकडा चार-पाच अंशांनी वाढला. आता भोके मोठी असलेली जाळी फक्त ऑक्टोबर ते फेब्रुवारी लावतो आणि दर रविवारी झटकतो.

नळी तेलाचा दाब आणि उष्णता सहन करणारीच घ्यावी. डिझेलची साधी नळी स्वस्त पडते, पण गरम तेलाने ती कडक होऊन फाटते. कूलर पट्ट्यांतून केबल टाय ओवून न बांधता वेगळ्या पत्र्याच्या पट्टीवर बसवून घ्यावा, कारण टाय घासून छिद्र पडते. बसवल्यावर तेलाची पातळी, गाडी गरम असताना आणि इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून पाहावी. माझ्या गाडीला सुमारे अर्धा लिटर जादा तेल लागले. आता दर ४०,००० किलोमीटरला तेल बदलायचे ठरवले आहे, आणि एप्रिलच्या आधी हा कूलर उतरवून नळीचा बसवणार आहे. जुना विकला जाईल का, हे मिस्त्रीला विचारून ठेवले आहे. कापसापासून दूर, डोंगरघाटात राहणाऱ्या कुणाला तो उत्तम चालेल.