आठ महिन्यांनंतर: लॉग चोख, घड्याळ मात्र १९७० चं

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना. हा राऊटर एप्रिलमध्ये घेतला, सहा हजार दोनशेला. स्पीड, पोर्ट सगळ्यांना माहीत आहेत. मला बोलायचंय ते सिस्टिम लॉगवर, म्हणजे राऊटर स्वतःच्या घडामोडी वेळेसकट लिहून ठेवतो त्या नोंदवहीवर.

रोज दुपारी नेट जायचं. नेटवाल्याचं ठरलेलं उत्तर, "राऊटर बंद करून चालू करा." पण याचा लॉग रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत राहतो, बंद केला की साफ. म्हणजे उपाय करायचा आणि पुरावाही आपणच पुसायचा! म्हणून लॉग बाहेर पाठवायचं ठरवलं. नवीन खर्च करणार नव्हतोच. हिशेबाचा जुना लॅपटॉप धूळ खात होता. त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, आरसिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत यूडीपी ५१४ (लॉग आत यायची वाट) च्या दोन ओळींपुढची # खूण काढून त्या चालू केल्या, राऊटरमध्ये लॅपटॉपचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता भरला. किती बारीक नोंदी पाठवायच्या त्याची पातळी आधी हौसेनं ७, म्हणजे डीबग, सगळ्यात बारीक. तासाभरात कुणाच्या मोबाइलला कुठला आयपी मिळाला याचीच रास. ४ वर आणली, तर लिंक परत आल्याची नोंद गायब. ५ वर जमलं.

आता घड्याळ. यात सेलच नाही हो! लाइट जाऊन आली की गडी १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाचला उठतो. (युनिक्स प्रणालीचं घड्याळ त्या तारखेपासून मोजतं; त्याचा शून्य सेकंद ग्रिनिचला मध्यरात्री, आपल्याकडे साडेपाच.) खरी वेळ इंटरनेटवरून घेतो, आणि इंटरनेटच गेलेलं असलं तर? सिसलॉगच्या, म्हणजे लॉग पाठवायच्या ठरलेल्या नमुन्याच्या, जुन्या पद्धतीत वर्षही नसतं, त्यामुळे फाइलीत नुसतं १ जानेवारी. मे महिन्यात नेटवाल्यांच्याच सांगण्यावरून रीस्टार्ट करून लॉगचा फोटो पाठवला, तर त्यांचा पोरगा म्हणतो, "मालक, हे तर जानेवारीचं दाखवतंय की ओ. आमी कसं मानायचं?" त्या रात्री मी याला एक तारा दिला.

मग लॅपटॉपलाच वेळ देणारा केला. त्यावर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम टाकला आणि राऊटरच्या एनटीपीत (वेळ कुठून घ्यायची ते सेटिंग) बाहेरच्या सर्व्हरऐवजी त्याचा आयपी दिला. लॅपटॉपच्या मदरबोर्डावर सेल आहे, नेट नसलं तरी तारीख चुकत नाही. शिवाय फाइलीत राऊटरनं सांगितलेल्या वेळेसोबत ओळ पोचल्याची वेळही लिहायला लावली. बारा दिवसांची फाइल बघितली. लिंक तुटल्याची प्रत्येक ओळ दोन ते चारच्या मधली. गच्चीवर गेलो तर नेटवाल्याचा फायबरचा डबा पत्र्याच्या पेटीत, हात लावला तर चटका. या वेळी पोरगा गप आला आणि डबा जिन्यात आणून बसवला.

त्याच आठवड्यात पाऊस आला, म्हणून तारे बदलायची घाई केली नाही. ऑक्टोबरच्या उन्हातही नेट टिकलं तेव्हा साडेतीन केले.

उरलेला दीड तारा त्या सेलचा. तीस-चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी माझा लॅपटॉप चोवीस तास चालतोय, त्याचं वीजबिल कंपनी देणार आहे का?