मोनोसल्फाइड की बीटा-डायसल्फाइड?

युरेनियमचं सल्फाइड, म्हणजे गंधकाबरोबरचं संयुग, चुंबकीय मोजमापासाठी घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो: एका युरेनियमला एक गंधक असलेलं मोनोसल्फाइड, की दोन गंधक असलेल्या डायसल्फाइडचं बीटा रूप? मी दोन्ही केली आहेत, म्हणून थोडं सांगतो.

रचना बघाल तर मोनोसल्फाइडच्या प्रेमात पडाल. अगदी मिठासारखं घनाकार जालक, बाजू साधारण 5.49 अँगस्ट्रॉम. धातूसारखं वीज वाहून नेतं. 180 केल्विनच्या जरा खाली फेरोमॅग्नेटिक, म्हणजे लोखंडासारखं चुंबकीय होतं आणि चुंबकत्व घनाच्या कर्णाला असं चिकटून बसतं की तिथून हलवायला प्रचंड क्षेत्र लागतं. युरेनियमच्या 5एफ कवचातले इलेक्ट्रॉन मोकळे की अणूला बांधलेले, हा वाद शिकायला याहून चांगलं संयुग क्वचितच मिळेल.

बीटा-डायसल्फाइडची रचना लेड क्लोराइडच्या घाटाची, ऑर्थोऱ्हॉम्बिक. युरेनियमभोवती आठ गंधक आणि नववा जरा लांब. अर्धवाहक आहे आणि कितीही थंड केलं तरी त्यात चुंबकीय क्रम काही लागत नाही.

माझा निर्णय मात्र ऑक्सिजननं केला. मोनोसल्फाइडसाठी आधी धातूचं हायड्राइड करायचं, त्यावरून हायड्रोजन सल्फाइड सोडायचा आणि मग निर्वात भट्टीत 1900 अंश सेल्सिअसच्या आसपास एकजीव करायचं. हायड्राइडची भुकटी इतकी बारीक, की मिळेल तिथून ऑक्सिजन खेचते. दर वेळी एक्स-रे पॅटर्नमध्ये घनाच्या देखण्या रेषांच्या पायथ्याशी ऑक्सिसल्फाइडचे (युरेनियम, ऑक्सिजन आणि गंधक यांच्या संयुगाचे) दोन-तीन बुटके पीक दिसायचेच. हे ऑक्सिसल्फाइड स्वतः थंडीत अँटिफेरोमॅग्नेटिक होतं, म्हणजे त्यातले अणूंचे चुंबक एकमेकांच्या उलट लागतात, त्यामुळे चुंबकीय मोजमापातला बारीक बाक नेमका कोणाचा, हे खात्रीनं सांगता येईना. ग्लोव्हबॉक्स (हातमोजे लावलेली हवाबंद पेटी) बदलला, वायू दोनदा शुद्ध केला, तरी पीक तिथेच. साडेतीन महिने त्यात गेले.

बीटाचे स्फटिक बंद क्वार्ट्झ नळीत ब्रोमिनच्या वाफेवर वाढवता येतात. नळी उघडली तेव्हा थंड टोकाला काळ्या, चकचकीत सुया उभ्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ सुई निवडायची, भेसळ नळीतच राहते. फार तापवलं तर त्याच डायसल्फाइडचं वेगळ्या रचनेचं अल्फा रूप होतं हे खरं, पण क्वार्ट्झला सोसेल त्या तापमानात ती भीती नाही.

तुमच्याकडे टंगस्टनची मूस, चांगली भट्टी आणि वेळ असेल, तर मोनोसल्फाइड कदाचित जास्त देऊन जाईल. पण तीनच वर्षं हातात असतील, तर मी आधी नळी सील करेन.