टर्नटेबलचा मॅट: बूच-रबर घ्या, पण आधी जाडी मोजा

टर्नटेबलसोबत आलेला, रेकॉर्डखाली घालायचा फेल्टचा मॅट काढून मी बूच (कॉर्क) आणि रबर यांच्या मिश्रणाचा, ३ मिलिमीटर जाडीचा मॅट बसवला. ऑनलाइन मागवला, हजाराच्या आतबाहेर पडला. पैसे वसूल झाले, पण विकणाऱ्याने जी कारणं लिहिली होती त्यांमुळे नव्हे. तिथे ‘आवाजावरचा पडदा दूर होतो’ असं काहीतरी होतं. जत्रेतल्या नाटकांना साऊंड पुरवणं हा माझा धंदा, त्यामुळे पडदा कधी दूर होतो ते मला पक्कं ठाऊक आहे: हँडबिलावर दहा छापलेले असतात तेव्हा साडेअकराला.

माझं मशीन साधं. बेल्टवर चालणारं, अॅल्युमिनियमचा प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी), टोनआर्मची, म्हणजे सुईच्या दांड्याची, उंची कमीजास्त करायची सोय नाही. प्लॅटर नुसता असताना बोटाच्या पेराने टिचकी मारली तर टण्ण वाजून गुंजत राहतो. सुई खाचेतून जाताना रेकॉर्डही थरथरते, ती थरथर खाली प्लॅटरपर्यंत पोचते आणि थोडीफार परत वर येते. मोटर-बेअरिंगची घरघर खालून येते ती वेगळीच. हे जाणं-येणं मधल्यामध्ये शोषून घेणं एवढंच मॅटचं काम. वाजत्या झांजेवर बोट ठेवावं तसं. फेल्ट टाकून टिचकी मारली तर गुंजन थोडं कमी होतं. रबर टाकलं तर ठप्प. बूच-रबर जवळपास रबराइतकंच दाबतं आणि वजनाने हलकं असतं. लहान मोटरच्या बेल्टवाल्या मशीनला ते बरं. काचेचे आणि तांब्याचे जडशीळ मॅट मिळतात, ते अशा मशीनवर टाकू नयेत. बेअरिंगवर भार वाढतो आणि मोटरला वेग गाठायला वेळ लागतो.

आता आमच्या हवेविषयी, कारण हे परदेशी लिखाणात सापडत नाही. फेल्टची तिथली मुख्य तक्रार स्टॅटिकची, म्हणजे स्थिर विजेची, असते. इथे गोव्यात, म्हार्दोळला तो त्रास फार तर डिसेंबर-जानेवारीत, घाटाकडून कोरडा वारा सुटतो तेव्हा. रेकॉर्ड उचलली की मॅट तिला चिकटून वर येतो आणि अर्ध्यात सुटून सुईवर पडायला बघतो. इथला खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांवर जी पांढरी बुरशी धरते तीच फेल्टवर धरते, आणि तिथून रेकॉर्डच्या खाचांत जाते. म्हणून चामड्याच्या मॅटचा मी विचारही केला नाही, दिसायला कितीही देखणा असला तरी. निव्वळ बुचाचा मॅटही कडेने झडतो, त्याचे कण रेकॉर्डखाली जातात. (जगातलं निम्मं बूच पोर्तुगालमध्ये होतं. साडेचारशे वर्षं पोर्तुगीज गोव्यात होते, पण बुचाचं झाड काही लावून गेले नाहीत.) रबर मिसळलेलं बूच ओल्या फडक्याने पुसता येतं, झडत नाही. माझ्या मॅटने एक पावसाळा काढला, डाग नाही. नवा असताना वास येतो, तो उन्हाने नव्हे, सावलीतल्या वाऱ्याने घालवावा. आणि वाजवून झालं की रेकॉर्ड पाकिटात घालावी. रबरी मॅटवर ती दिवसेंदिवस ठेवून देऊ नये, डाग पडायची भीती असते.

आता जाडी. मॅट बदलल्यावर लोक जो फरक सांगतात, त्यातला बराचसा मला वाटतं जाडीचा असतो, मालमसाल्याचा नाही. टोनआर्म साधारण २३० मिलिमीटर लांब धरा. रेकॉर्ड ४ मिलिमीटर वर-खाली झाली की सुईचा कोन सुमारे १ अंशाने बदलतो. जाड मॅटने सुईकडची बाजू वर जाते, आर्मची शेपटी तुलनेने खाली राहते आणि आवाज बहुधा मंद, जडसर वाटतो. पातळ मॅटने उलट, ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतात. मग कुणीतरी लिहितो, बुचाने आवाज उबदार होतो. अहो, तुमचा मॅट ५ मिलिमीटरचा आहे! ज्यांच्या आर्मची उंची बदलता येते त्यांनी मॅट बदलल्यावर ती पुन्हा लावावी. माझ्यासारख्यांनी जुन्याच्या जवळपासच्या जाडीचा घ्यावा. फार जाड घेतला तर लिव्हरने आर्म उचलूनही सुई पुरेशी वर येत नाही आणि रेकॉर्ड काढताना तिला घासते. वजनकाटा असेल तर सुईचा दाबही पुन्हा तपासावा.

तुलना करताना फेल्टखाली नाटकाच्या जुन्या हँडबिलांचे गोल कापून घातले, दोन्हींची उंची सारखी केली आणि आमच्या तबलजीला पाठ करून बसवलं. एलपी अभिषेकीबुवांच्या नाट्यगीतांची. बुवांचं गाव मंगेशी आमच्या शेजारीच, त्यामुळे दुसरं काही लावलं असतं तर त्याने ऐकलंच नसतं. उंची सारखी केल्यावर गाण्यात आणि ऑर्गनमध्ये त्याला काहीच फरक कळेना. तबल्याच्या बायावर (डग्ग्यावर) मात्र प्रत्येक वेळी बोट ठेवलं: बूच-रबरवर घुमारा नेमका थांबतो, फेल्टवर थोडा पसरतो. मलाही तेवढंच ऐकू आलं. फरक खरा आहे, पण लहान. रेकॉर्डच्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात, लेबलजवळ, जो आवाज फाटतो तो कुठल्याच मॅटने सुधारत नाही. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आत २१च्या आसपास. तिथे चांगली सुई हवी. खरखरीला रेकॉर्ड धुणं हाच इलाज.

विकत घेताना अजून एक बघा: मधे लेबलपुरता खळगा आहे का. एलपीचं लेबल आणि कड वाजणाऱ्या भागापेक्षा जाड असते. मॅट सपाट असेल तर रेकॉर्ड त्या दोन्हींवर टेकते आणि खाचांचा भाग अधांतरी राहतो, म्हणजे मॅट ज्यासाठी घेतला तेच होत नाही. माझ्या मॅटला खळगा आहे, पण कापणी ओबडधोबड आणि मधलं भोक किंचित मोठं, त्यामुळे मॅट एका बाजूला सरकतो. रेटिंग द्यायचं तर याचा एक तारा कापतो.

ऑनलाइन नको असेल तर फोंड्याला मोटारीच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात हीच वस्तू गास्केट शीट म्हणून मिळते, बरीच स्वस्त. मी धाकट्या भावाच्या मशीनसाठी घेतली. १ मिलिमीटरचा पूर्ण गोल, त्यावर २ मिलिमीटरचा, मधे साडेदहा सेंटिमीटर भोक पाडलेला. खळगा आपोआप तयार. दुकानदाराने विचारलं, “खंयचे गाडयेक जाय?” (कुठल्या गाडीला हवी?) तबकडी वाजवायच्या मशीनला, म्हटल्यावर त्याने शीट निमूट कापून दिली, आणि बिलावर लिहिलं ‘ट्रॅक्टर’.