सेन्सर नवा टाकला तरी लाईट जाईना, दोष निघाला वायरमध्ये

ज्यांच्या गाडीला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) आहे आणि हाइट सेन्सरचा (गाडीची उंची मोजणारा) फॉल्ट कोड येतोय त्यांनी पार्ट मागवायच्या आधी हे वाचा प्लीज. एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे काम करून घेतलं, त्याचा हा अनुभव.

आधी काय झालं ते सांगते. डॅशबोर्डवर सस्पेन्शनची लाईट कधी लागायची कधी जायची, पाऊस झाला की हमखास लागायची, आणि एकदा लागली की डिकीत सामान भरल्यावर गाडी मागून बसायची ती बसलेलीच राहायची. रात्री हेडलाईटचा झोत पण अगदी पुढ्यात पडायचा. मला वाटलं हा वेगळाच प्रॉब्लेम, पण बऱ्याच गाड्यांत हेडलाईटची लेव्हल याच सेन्सरवरून ठरते. आधीच्या वर्कशॉपने स्कॅनर लावला, मागच्या डाव्या सेन्सरचा कोड आला, सेन्सर बदलला, कोड पुसला. आठच दिवसांत लाईट परत. मग म्हणाले कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे सस्पेन्शन चालवणारा कॉम्प्युटर, गेलं असणार. तिथेच मी गाडी उचलली.

या इलेक्ट्रिशियन दादांनी पहिल्यांदा विचारलं की कधी लागते, पावसात का खड्ड्यात. कोड म्हणजे कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच कळतं, पार्टच गेलाय असं नाही, हे त्यांचं वाक्य मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगतेय. त्या सेन्सरला तीन वायरी, 5 व्होल्ट सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. कनेक्टर काढून मोजलं तर सप्लाय बरोबर 5 दाखवत होता, मी म्हटलं मग वायर ठीकच की. त्यांनी कनेक्टर परत बसवला, मागून बारीक पिन घालून मोजलं आणि आकडा साडेतीनच्या आसपास घसरला. म्हणजे वायर नुसती असताना व्होल्टेज दिसतं पण सेन्सरने करंट ओढला की पडतं. त्याआधी त्यांनी गाडी स्टँडवर घेऊन सस्पेन्शन जॅक मोडला (म्हणजे ते आपोआप वरखाली होणार नाही असं) टाकलं होतं, हे फार महत्त्वाचं आहे कारण एअर सस्पेन्शन अचानक खाली बसू शकतं, नुसत्या जॅकवर कुणी खाली शिरू नका.

मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत गेले. चाकाच्या वरच्या बाजूला एक क्लिप तुटलेली, वायर पत्र्याला घासून कव्हर सोललेलं, आणि कापून दाखवलं तर आतलं तांबं हिरवट काळं, बोटाने चोळलं की भुगा. तेवढा तुकडा काढून नवीन वायर सोल्डर केली, वरून गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), क्लिप नवी. नंतर सेन्सरचा दांडा हाताने वरखाली करून मला स्क्रीनवर दाखवलं, व्होल्टेज कुठेही न अडखळता सरकत होतं.

शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे गाडीची खरी उंची सिस्टिमला सांगणं. चारही चाकांच्या सेंटरपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मिलिमीटरमध्ये मोजलं आणि स्कॅनरमध्ये भरलं. हे आधीच्या ठिकाणी केलंच नव्हतं! सेन्सर बदलला की हे करावंच लागतं. साधा इंजिनचे कोड वाचणारा छोटा स्कॅनर इथे चालत नाही, सस्पेन्शनच्या मॉड्यूलपर्यंत जाणाराच लागतो.

चार स्टार देतेय, पाचवा नाही कारण गाडी उद्या देतो म्हणाले आणि चौथ्या दिवशी दिली, मधे फोन मीच करत होते. शिवाय कॅलिब्रेशनचे आकडे बिलावर लिहिले नव्हते, ते मी मागून घेतले, तुम्ही पण मागा, पुढे कुणी सस्पेन्शनला हात लावला तर पडताळायला लागतात. पण काम एकदम चोख, संपूर्ण पावसाळा गेला, लाईट एकदाही लागली नाही आणि रात्रीचा रस्ता आता लांबपर्यंत दिसतो.